किरकोळ खर्चात हरवलेली जखम

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर पेढीवर नवी वही उघडली जाते. कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते आणि सरत्या वर्षाचा हिशेब मिटवून नव्या वर्षाची कीर्द सुरू होते. संगणक आला, वस्तू व सेवा कर आला, तरी हा संस्कार व्यापारी घरांतून टिकून आहे. त्यामागची शिकवण साधी आहे : जे लिहिले जाते, त्याचाच हिशेब लागतो. कोणत्या मालात किती घट बसली, पोत्यामागे किती तूट आली, कोणाकडे किती दिवस उधारी राहिली, हे सारे जुने मुनीम तोंडपाठ सांगत. कारण ते रोजच्या रोज लिहीत.

याच वहीत एक खाते असे असते, ज्याकडे वर्षअखेरीसही कोणी निरखून पाहत नाही. त्याचे नाव किरकोळ खर्च. चहापाणी, सुतळी, झाडू, टपाल, देणगीची पावती. आणि त्याच ओळींमध्ये मधूनच ‘हमाल औषधपाणी ३५०’, ‘टाके व पट्टी १,२००’, ‘रिक्षा, दवाखाना १५०’ अशा नोंदी डोकावतात. रक्कम लहान असते, म्हणून लेखापरीक्षक विचारत नाही. मालकाने स्वतःच्या खिशातून दिलेली असते, म्हणून माणुसकीचे समाधानही मिळते. परंतु कोणाला लागले, कुठे लागले, कशाने लागले, तो माणूस किती दिवस घरी बसला आणि पुन्हा तसेच कोणाला लागू नये म्हणून काय बदलले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते. पैसा नोंदला गेला. जखम मात्र हरवली.

ही हरवलेली जखम पुष्कळदा पुढच्या मोठ्या अपघाताची पहिली सूचना असते. डाळमिलमधील ज्या पट्ट्याने आज एकाच्या बोटाचे नख उखडले, त्याच पट्ट्यात सहा महिन्यांनी दुसऱ्याचा हात जाऊ शकतो. पहिल्या घटनेची चार ओळींची नोंद आणि दोन हजार रुपयांची लोखंडी जाळी, एवढ्यानेही दुसरी घटना टळू शकते. म्हणून कामाच्या जागी होणाऱ्या दुखापती, आजार आणि मृत्यू यांची नोंद हा विषय केवळ मोठ्या कारखान्यांचा नाही. गोदाम, जिनिंग, डाळमिल, तेलघाणी, कापडाची वखार किंवा सराफी कारागिरांची खोली, जिथे दुसऱ्याच्या श्रमावर पेढी चालते, तिथे तो पेढीच्या मूळ हिशेबाचाच भाग आहे.

वैद्याने विचारलेला एक जादा प्रश्न

या नोंदीची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी आहे. इटलीतील मोदेना येथे वैद्यकशास्त्राचे अध्यापन करणारे बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. घरातील मैलाकुंडी उपसणारा एक माणूस जिवाच्या आकांताने घाई करताना त्यांनी पाहिला. एवढी घाई कशासाठी, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्या कुंडीत फार वेळ राहिल्यास डोळे जातात, ही गोष्ट त्यांना त्या माणसाकडून कळली. तेव्हापासून ते निरनिराळ्या कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊन निरीक्षणे टिपू लागले. रुग्णाला विचारावयाच्या नेहमीच्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : तुमचा व्यवसाय कोणता?

व्यापारी वाचकाला विशेष वाटावे असे काही या ग्रंथात आहे. धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या लोकांच्या आजारांवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. धान्याच्या धुळीने होणारा खोकला, दमा आणि अंगाची खाज यांचे वर्णन कोणत्याही बाजार समितीतील हमालाला आजही ओळखीचे वाटेल. पुढे १७१३ साली आलेल्या आवृत्तीत कारकून आणि लेखनिक यांचाही विचार आहे. सतत बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि आकड्यांत चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही त्यांनी नोंदलेली तीन कारणे गादीवर बसणाऱ्या मालकालाही लागू पडतात.

१७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या विशिष्ट कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. लहानपणी धुराड्यांत उतरवलेली ती मुले मोठी झाल्यावर आजारी पडत. दोहोंमध्ये अनेक वर्षांचे अंतर असल्यामुळे आजाराचे मूळ कामात आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हते. कामाचा आजार आणि कामाची जखम यांत मोठा फरक आहे तो हाच. जखम त्याच क्षणी ओरडते. आजार गप्प राहतो. त्याला बोलते करण्याचे साधन म्हणजे नोंद.

सोमवारी जड होणारी छाती

कापसाच्या धंद्याशी विदर्भ-खानदेशातील अनेक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याचे प्रारंभीचे लक्षण चमत्कारिक असते. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार परत कामावर आला की पहिल्याच दिवशी त्याची छाती आवळल्यासारखी होते आणि श्वास अपुरा पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास कमी होतो. कामगाराला वाटते, सुट्टीत गार खाल्ले असेल. मालकाला वाटते, सुट्टीनंतर अंग मोडले असेल. दोघांचेही बोलणे सहज पटण्यासारखे असल्यामुळे खरे कारण झाकले जाते.

ब्रिटनमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांत १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी कामगारांना हाच प्रश्न ठरावीक पद्धतीने विचारला : छाती जड कोणत्या दिवशी होते? केवळ सोमवारी, की आठवड्यातील इतर दिवशीही? त्या उत्तरांवरून आजाराच्या पायऱ्या ठरल्या. प्रारंभीच्या पायरीवर माणसाला धुळीपासून दूर केले, तर त्याचे फुप्फुस वाचू शकते. पुढच्या पायरीवर झालेली हानी भरून येत नाही. एवढे महत्त्वाचे निदान हजेरीपुस्तकात वाराच्या रकान्यासमोर लिहिलेल्या एका शब्दावर अवलंबून असते. जिनिंगच्या हंगामात दर साप्ताहिक सुट्टीनंतर तोच माणूस ‘दम लागतो’ म्हणून अर्ध्या दिवसाने घरी जात असेल, तर ती आळसाची खूण नसून धुळीची खूण असू शकते.

दगडाच्या धंद्यातही असेच घडते. गुजरातेतील खंभातचे अकीक घासणारे, मध्य प्रदेशातील मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे आणि राजस्थानच्या खाणींतील मजूर यांना सिलिकोसिस जडल्याचे वैद्यकीय पाहण्यांत नोंदले गेले आहे. गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतते आणि ती पुन्हा निघत नाही. माणूस खोकू लागला की पुष्कळदा त्याला क्षयाचे औषध सुरू होते. काम सुटते, तो गावी जातो आणि तिथेच संपतो. ज्या जागी त्याने धूळ घेतली, तिथल्या वहीत त्याच्या नावापुढे फक्त ‘काम सोडले’ एवढेच राहते. राजस्थान सरकारने २०१९ साली या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणले. परंतु कापताना पाण्याची धार सोडणे आणि धूळ उगमापाशीच ओढून घेणे, हे उपाय धंद्याच्या जागीच करावे लागतात.

एका मोठ्या कंपनीचा धडा

नोंदीमुळे धंदा मागे पडतो, मजूर लाडावतात, सरकारी माणूस दाराशी येतो, अशी भीती अनेकांच्या मनात असते. तिचे उत्तर देणारे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. अल्कोआ ही ॲल्युमिनियम तयार करणारी शंभर वर्षांची जुनी कंपनी. १९८७ साली पॉल ओनील तिचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्या भाषणात नफा, कर आणि बाजारपेठ यांवर बोलण्याऐवजी त्यांनी कामगारांच्या सुरक्षिततेवर भर दिला. शून्य दुखापती हे ध्येय त्यांनी जाहीर केले. ऐकणाऱ्यांपैकी काही जण गोंधळून गेले. एका सल्लागाराने तर आपल्या ग्राहकांना समभाग विकून टाकण्याचा सल्ला दिला आणि पुढे तो पश्चात्तापाने सांगितला.

काही महिन्यांतच ॲरिझोनातील कारखान्यात एक नवा कामगार ठार झाला. यंत्रात अडकलेला तुकडा काढण्यासाठी तो संरक्षक कठडा ओलांडून आत गेला आणि अडथळा दूर होताच यंत्राचा दांडा त्याच्या डोक्यावर आदळला. नियम त्यानेच मोडला, असे म्हणून प्रकरण मिटवता आले असते. ओनील यांनी वरिष्ठांची बैठक बोलावली आणि या मृत्यूचा दोष स्वतःसह सर्व नेतृत्वाकडे घेतला. त्याला कठडा ओलांडताना पाहूनही वरच्यांनी थांबवले नव्हते. बंद पडलेल्या यंत्रासाठी त्याला दोष दिला जाणार नाही, हे त्याला पुरेसे सांगितले गेले नव्हते. गोदामाच्या मालकाने हे वाचून क्षणभर थांबावे. चालत्या पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे जाणाऱ्या चपळ हमालाचे कौतुक पुष्कळ ठिकाणी होते. ते कौतुकच त्याला धोका पत्करण्याची परवानगी देते.

अल्कोआत नियम झाला : कोणालाही दुखापत झाली की चोवीस तासांच्या आत ती प्रमुखापर्यंत कळवायची आणि पुन्हा तसे होऊ नये यासाठीचा उपायही सोबत सांगायचा. एवढ्या लवकर कळवायचे, तर खालचा माणूस वरच्याशी मोकळेपणी बोलला पाहिजे. उपाय सांगायचा, तर काम कसे चालते हे वरच्याला समजले पाहिजे. त्यातून कामाची पद्धतच सुधारत गेली. १९८७ साली दर शंभर कामगारांमागे वर्षाला कामाचा दिवस बुडवणाऱ्या १.८६ दुखापती होत. २००० सालापर्यंत हे प्रमाण ०.२ वर आले. त्याच काळात कंपनीचा वार्षिक नफा सुमारे पाचपट झाला. नफावाढीची इतरही कारणे असतील. पण सुरक्षिततेने धंदा बुडतो, हा समज तरी या उदाहरणापुढे टिकत नाही.

याच कथेचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. १९९६ साली भागधारकांच्या सभेत बेनेडिक्टाइन पंथाच्या एका धर्मभगिनीने मेक्सिकोतील कारखान्यात कामगार वायूने आजारी पडल्याचा मुद्दा मांडला. चौकशीअंती असे दिसले, की तिथल्या अधिकाऱ्याने वायू बाहेर काढण्याची व्यवस्था केली होती. परंतु घटना वर कळवली नव्हती. त्याचे विभाग उत्तम नफा मिळवून देत होते, तरीही त्याला पद सोडावे लागले. एका जागी दुरुस्ती झाली, पण नोंद झाली नाही, तर बाकीच्या जागा त्याच धोक्यात राहतात. ज्या कुटुंबाची एक मिल जळगावला, दुसरी अकोल्याला आणि गोदाम लातूरला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

थोडक्यात बचावलेले प्रसंग

अमेरिकेतील विमा व्यवसायात काम करणारे हर्बर्ट विल्यम हाइनरिक यांनी १९३१ साली अपघात निवारणावर पुस्तक लिहिले. एका मोठ्या दुखापतीमागे २९ लहान दुखापती आणि इजा न होता निभावलेले ३०० प्रसंग असतात, असे प्रमाण त्यांनी मांडले. हे आकडे प्रत्येक धंद्याला तंतोतंत लागू पडत नाहीत. बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीने होतात, हे त्यांचे मतही पुढच्या अभ्यासकांनी सदोष ठरवले. परंतु त्यांनी दाखवलेली दिशा उपयुक्त ठरली : निभावलेल्या प्रसंगाकडे देवाची कृपा म्हणून पाहताना त्यातील सूचनाही ऐकावी.

धान्य आणि तत्सम मालाच्या धंद्यात अशा सूचना मुख्यतः पाच जागांवरून मिळतात.

पहिली जागा थप्पीची. खालची पोती ओढून काढली, जमीन ओली राहिली किंवा उंची हावेने वाढवली, की थप्पी कलते. ती कोसळते त्या वेळी खाली कोणी नसेल, तर वहीत फक्त ‘पोती फाटली’ असा उल्लेख होतो. वास्तविक तो मृत्यूचा चुकलेला फेरा असतो.

दुसरी जागा फिरत्या यंत्राची. पट्टा, दांडा, चाळणी आणि एलेव्हेटर यांत गमछा, ओढणी, साडीचा पदर किंवा मोकळे केस अडकतात. दुरुस्तीसाठी काढलेली जाळी घाईत पुन्हा बसवली जात नाही. वीज बंद करून, स्विचला कुलूप घालून आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवून काम केले, तर कोणी अजाणता बटण दाबण्याचा प्रसंग उद्‌भवत नाही.

तिसरी जागा धुरीची. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर नेमका उतारा असलेले औषध नाही. तो फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो. खाली गोदाम आणि वर बिऱ्हाड असेल, तर घरातील मुलांपर्यंत पोहोचतो. उलट्या, डोकेदुखी आणि श्वास लागणे ही लक्षणे अन्नातून झालेल्या विषबाधेसारखी भासतात. रात्री धुरी दिली आणि पहाटे वरच्या मजल्यावर उलट्या सुरू झाल्या, हे दोन प्रसंग एकाच कागदावर असले, तर डॉक्टरला दिशा मिळते. अशी धुरी प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तीकडूनच द्यावी आणि राहत्या घराला लागून ती देऊच नये.

चौथी जागा बंदिस्त पोकळीची. तेलाची टाकी, धान्याचा सायलो, सांडपाण्याचा हौद यांत प्राणवायू कमी असू शकतो किंवा विषारी वायू साचलेला असू शकतो. आत उतरलेला पहिला माणूस कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि तोही जातो. अशा दुर्घटनांत वाचवणाऱ्यांचेच बळी वारंवार जातात. हवा खेळती करून, ती उपकरणाने तपासून आणि दोर धरलेला माणूस बाहेर उभा केल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये. मालकाच्या मुलानेही जाऊ नये.

पाचवी जागा कुलपाची. चोरीच्या भयाने रात्री बाहेरून कुलूप घातले जाते आणि आत मजूर झोपलेले असतात. न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले. दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे लागलेल्या आगीत ४३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक कामाच्याच इमारतीत झोपलेले मजूर होते. दोहोंमध्ये शतकाहून अधिक काळ लोटला, पण बाहेर पडण्याच्या वाटेचा प्रश्न तसाच राहिला.

अंगठ्याचा हिशेब

व्यापाऱ्याला आकडा लवकर समजतो, म्हणून कायद्याने केलेला हिशेबही पाहिला पाहिजे. भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. आता त्यातील मुख्य तत्त्वे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहेत. ज्या कामांना ही तरतूद लागू होते, तिथे कामाच्या ओघात मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा अर्धा भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणला जातो. तीस वर्षांच्या वयाचा गुणक २०७.९८ आहे. मासिक वेतन १५,००० रुपये धरले, तर अर्धे ७,५०० आणि भरपाई १५,५९,८५० रुपये होते.

कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला वेतनाचा ६० टक्के भाग धरतात. त्याच माणसासाठी ती रक्कम १८,७१,८२० रुपये होते. अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के गेली, असे कायद्याची अनुसूची मानते. म्हणजे अंगठ्याची भरपाई ५,६१,५४६ रुपये. पट्ट्यावरच्या जाळीचा खर्च या रकमेसमोर ठेवून पाहावा. आणि हेही ध्यानात घ्यावे, की ही किंमत मालकाच्या बाजूची आहे. ज्याचा अंगठा गेला, त्याला पोत्याचा कान धरता येत नाही, सुतळीची गाठ मारता येत नाही, मुलाच्या सदऱ्याचे बटण लावता येत नाही. त्या बाजूचा हिशेब कोणत्याही गुणकाने लागत नाही.

भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून. महिनाभरात ती दिली नाही, तर १२ टक्के सरळ व्याज लागते. वरील मृत्यूच्या उदाहरणात ते वर्षाला १,८७,१८२ रुपये होते. विलंबाला समर्थनीय कारण नसेल, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो आणि विमा कंपनीने तो दंड भरावा, असा आग्रह धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले आहे. ‘त्याने नियम मोडला’ हा बचावही मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास चालत नाही.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आणि राज्य विमा योजना लागू झालेल्या आस्थापनात, २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या कामगारासाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के अंशदान जमा होते. त्यातून औषधोपचार, दुखापतीच्या काळातील भत्ता आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळते. काही जण अंशदान वाचवण्यासाठी दहापैकी तीन माणसे हजेरीपटावर दाखवतच नाहीत. अपघात मात्र हजेरीपट पाहून होत नाही.

कारखान्यांच्या कायद्याने मृत्यूची, तसेच ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येता न येणाऱ्या दुखापतीची सूचना देणे बंधनकारक केले. कोणाला इजा झाली नाही तरी काही धोकादायक घटना कळवाव्या लागतात आणि सिलिकोसिस, बिसिनोसिस यांसारखे आजारही कळवावे लागतात. म्हणजे जखम, थोडक्यात टळलेला प्रसंग आणि आजार, या तिन्हींची नोंद ही कल्पना कायद्याने केव्हाच स्वीकारलेली आहे. लहान पेढीला तो कायदा लागू नसला, तरी त्यातील शहाणपण घेण्यास कोणाची हरकत नाही.

सहा रकान्यांची वही

याला महागडी संगणक प्रणाली लागत नाही. एक साधी शंभर पानी वही पुरे. तिच्यात सहा रकाने असावेत : तारीख, वार आणि वेळ, माणसाचे नाव व तो किती दिवसांपासून कामावर आहे, नेमकी जागा, काय झाले किंवा होता होता राहिले, किती दिवस काम बुडाले, आणि काय बदलले, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचा रकाना रिकामा असेपर्यंत ती नोंद येणे बाकी समजावी.

चौथ्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहू नये. तो शब्द लिहिला की चौकशी संपते. ‘पाय घसरला’ असे लिहावे आणि पुढे विचारावे : का घसरला? पायरी ओली होती. ओली का होती? वरचा नळ गळत होता. नळ कधीपासून गळत होता? पंधरा दिवसांपासून. आता दुरुस्त करावयाची वस्तू सापडली. माणसाला रागावून नळ गळायचा थांबला नसता.

समजा, वर्षभरात अशा चौदा नोंदी झाल्या. दिवाळीपूर्वी अर्धा तास काढून त्या जागेनुसार, वेळेनुसार आणि माणसाच्या कामाच्या मुदतीनुसार मांडल्या. चौदापैकी सहा त्याच उतरंडीवर, पाच संध्याकाळी पाचनंतर गाडी भरण्याच्या घाईत आणि सात पहिल्या महिन्यातील नव्या माणसांच्या, असे दिसले, तर पुढच्या वर्षी खर्च कुठे करावा हे कोणा तज्ज्ञाला विचारावे लागत नाही. उतरंडीला खडबडीत फरशी, संध्याकाळी एक दिवा अधिक आणि नव्या माणसासोबत आठवडाभर एक अनुभवी माणूस. खतावणीचे हेच तर काम : विखुरलेल्या रकमा एका खात्यावर आणून त्यांचा अर्थ लावणे.

वही खरी ठेवायची, तर दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, सांगणाऱ्याची मजुरी कापू नये. दुखापत सांगितली म्हणून दिवसाची मजुरी गेली, तर दुसऱ्या वेळी तो कापलेले बोट फडक्यात गुंडाळून लपवील आणि वहीत शून्य दिसेल. ‘या महिन्यात एकही अपघात नाही’ म्हणून मिठाई वाटणाऱ्या ठिकाणीही हेच घडू शकते. नोंदी एकदम थांबल्या, तर आनंद मानण्याआधी गोदामात फेरी मारून यावे. दुसरे पथ्य, घरच्यांच्या दुखापतीही त्याच वहीत लिहाव्यात. मालकाच्या भावाचा शिडीवरून मुरगळलेला पाय, पुतण्याला लागलेला विजेचा झटका, गृहउद्योगातील सुनेचा तेलाने भाजलेला हात, या गोष्टी घरच्या म्हणून सोडून दिल्या जातात. शिडी मात्र घरचा-परका ओळखत नाही. शिवाय मालकाच्या घरचे नाव वहीत दिसले, की हमालालाही आपले नाव लिहून घेण्याचा संकोच वाटत नाही.

वही कोणी लिहावी, हाही प्रश्न येतो. पेढीवर नव्याने बसू लागलेल्या तरुण मुलामुलींकडे हे काम द्यावे. पूर्वी मुलाला धंदा शिकवताना आधी काटा धरायला, मग माल ओळखायला आणि शेवटी वही लिहायला शिकवत. या वहीसाठी त्याला गोदामात जावे लागेल, हमालाशेजारी उभे राहून ‘कसे लागले?’ हे विचारावे लागेल आणि यंत्राकडे वाकून पाहावे लागेल. गादीवरून न दिसणारा धंदा त्याला तिथे दिसेल.

येत्या दिवाळीला नव्या वह्या आणताना एक वही अधिक आणावी. तत्पूर्वी सरत्या वर्षाचे किरकोळ खर्चाचे पान काढून त्यातील औषधपाण्याच्या ओळी मुनीमजींकडून निराळ्या लिहून घ्याव्यात आणि त्या त्या माणसाला बोलावून घटना विचारावी. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभाखाली याच जुन्या नोंदी प्रथम उतरवाव्यात. प्रत्येकीसमोरच्या सहाव्या रकान्यात एक तारीख घालावी. त्या तारखेला मालकाने स्वतः जाऊन जाळी बसली का, नळ दुरुस्त झाला का आणि रात्रीचे दार आतून उघडते का, हे हाताने तपासून पाहावे.